पाइप लावायचा राहिला

“बंद करू नको, चालूच राहू दे,” भागवत बॉनेटखालून म्हणाला, तसा करणने किल्लीवरचा हात काढला आणि माझ्याकडे बघून हसला.

करण कांद्याच्या आडत्याचा मुलगा. बाप घोडेगावच्या बाजारात कांदा घेतो आणि मुलगा नगरला राहून गाडीचे लाड करतो. गाडी पेट्रोलची, तिला कंपनीने दिला होता त्याहून मोठा टर्बो बसवलेला. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो आणि गाडी वासरासारखी उधळते. करणची गाडी मात्र उधळायच्या ऐवजी चढावर खोकत होती, म्हणून तो ती पेट्रोलचं प्रेशर बसवायला घेऊन आला होता.

माझं स्पेअर पार्टचं दुकान भागवतच्या गॅरेजला लागूनच आहे. मधल्या भिंतीला खिडकी आहे, आणि गिऱ्हाईक नसलं की मी त्या खिडकीत असतो. माझी बायको म्हणते, दुकान स्वतःचं आणि लक्ष लोकांच्या गॅरेजात. ती खोटं बोलत नाही. पण त्या दिवशी मी मुद्दाम उभा होतो. भागवतच्या आईने, रतनबाईंनी, सकाळीच फोन करून मला बजावलं होतं.

“सुनील, बाबा, दुपारच्या च्याला त्याला घरी धाड. सुप्याचे पाहुने घर बघायला येत्यात. ह्याआधी दोनदा त्यानं गाडीचं निमित्त केलं. आता पाहुने तसेच माघारी गेले, तर म्या न्हाई पुन्यांदा कुनापुढं तोंड उघडायची.”

हे स्थळ आणलं होतं काकासाहेबाने. काकासाहेब म्हणजे भागवतच्या गेलेल्या बायकोचा सख्खा भाऊ. मेहुण्यानेच मेहुण्याचं दुसरं लग्न जमवावं हे बाहेरच्याला विचित्र वाटेल, पण आमच्याकडे त्यात वावगं काही नाही. बहिणीचं घर बहिणीमागे बंद पडू नये, अशी माहेरच्यांची भावना असते.

भागवतची बायको सुकन्या डेंग्यूने गेली. नगरच्या दवाखान्यात स्वतःच्या पायांनी चालत शिरली होती ती. तिचं दहावं झालं आणि दुसऱ्या दिवशी भागवतने गॅरेजचं शटर वर केलं. रडताना त्याला कुणी पाहिलं नाही. गावाने दोन्ही बाजूंनी तोंड वाजवून घेतलं. काहींनी त्याला घट्ट म्हटलं, काहींनी दगड म्हटलं. मला दोन्ही पटलं नाही. त्याला कारलं अजिबात चालत नसे, नाव काढलं तरी डबा मिटायचा. एकदा मी गंमत म्हणून माझ्या डब्यातलं कारलं त्याच्या भाकरीवर वाढलं. त्याने ते खाल्लं, बोटं पुसली आणि कामाला लागला. त्या दिवसापासून मी त्याची थट्टा करणं सोडलं. मला भीती वाटली होती.

काम मात्र पहिल्यापेक्षा चोख. पूर्वी तो काम करता करता बोलायचा, गाणी म्हणायचा, एखादा नट हरवून बसायचा. आता काही हरवत नव्हतं. गिऱ्हाईक खूश होतं.

प्रेशर बसवणं हे तसं थोडक्यातलं काम आहे. पेट्रोलच्या वाटेवर एक रेग्युलेटर असतो, त्याच्या डोक्यावर स्क्रू. स्क्रू आवळला की प्रेशर चढतं, सैल केला की उतरतं. पण त्याच रेग्युलेटरला इंजिनाकडून एक रबरी पाइप येतो, करंगळीहून बारीक. तो लावलेला असताना प्रेशर मोजायच्या गेजचा काटा खरं बोलत नाही. म्हणून आधी पाइप उपसायचा, इंजिनाने त्यातून फुकटची हवा ओढू नये म्हणून त्याच्या तोंडात बोल्ट कोंबायचा, मग स्क्रू फिरवून काटा तीनवर आणायचा आणि नट आवळायचा. शेवटी बोल्ट काढून पाइप परत जागेवर. सगळी गोम त्या पाइपात आहे. टर्बो किती हवा कोंबतोय हे रेग्युलेटरला त्याच्यातूनच कळतं, आणि तो त्या मापाने पेट्रोलचा जोर वाढवतो. हे मला भागवतनेच समजावून सांगितलेलं, तो बोलत असे तेव्हा.

त्याने पाइप उपसला, बोल्ट लावला. गेजचा काटा अडीचच्या आसपास थरथरत होता. स्क्रू फिरला तसा काटा वर सरकत तीनवर येऊन थांबला. भागवतने नटाला पाना लावला, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. त्याने एका हाताने फोन कानाला लावला.

“व्हय. हां. येतो. येतो म्हनलं ना.”

“पाहुणे आले?” मी खिडकीतून विचारलं.

“नगरातून निघालेत.”

“मग आवर की.”

“आवरतो.”

त्याने गेज काढला, पेट्रोलचा जोड पुन्हा नीट आवळला, गळतं का ते बोट फिरवून पाहिलं, आणि बॉनेट खाली केलं. करणने दोन वेळा ॲक्सिलरेटर दाबला. गाडी गोड आवाजात घुमली.

“एक नंबर, मिस्त्री!” करण म्हणाला. “आता घाटात बघतो हिच्याकडं.”

गाडी हायवेला लागली. भागवत साबणाच्या पावडरने हात धुवायला बसला. रतनबाईंनी इस्त्रीचा शर्ट पिशवीत घालून दिला होता, तो खिळ्याला टांगलेला होता. मी मनात म्हटलं, चला, या वेळी तरी गाडं पुढे सरकलं. दुकानात जाऊन चहा सांगितला. परत खिडकीत आलो तर हा ओल्या हातांनी कामाच्या फडक्यावर काहीतरी शोधत होता. फडकं झटकलं, टेबलाखाली वाकून बघितलं.

“काय हरवलं रे?”

“बोल्ट.”

“कुठला?”

“पाइपाचा.” तो सरळ उभा राहिला. “अण्णा, बोल्ट पाइपातच हाय. पाइप लावायचा राहिला.”

मला समजायला थोडा वेळ लागला. पाइप नसला तरी गाडी उभ्या जागी छान चालते, गावातल्या रस्त्यालाही कुरकुरत नाही, करणला संशय यायचं कारणच नव्हतं. पण घाटात पाय दाबला की टर्बो हवा कोंबणार, आणि रेग्युलेटरला त्याचा पत्ताच नसल्यामुळे पेट्रोल तेवढंच येणार. हवा बख्खळ आणि पेट्रोल तोकडं. आतला जाळ असा भडकतो की पिस्टनला भोक पडतं. चढावर, मागे ट्रकची रांग असताना इंजिन बसलं तर गाडीतल्या माणसाचं काय होईल, ते वेगळंच.

भागवतने करणला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तोही वाजून बंद झाला.

“मोठ्यानं गाणी लावली असतील त्यानं,” मी म्हणालो. “तू घरी जा, भागवत. मी जातो मोटारसायकलवर. पाइप तर लावायचा ना, मला येतो.”

“चुकलोय मी,” तो म्हणाला, आणि खिडकीतून हात घालून माझ्या टेबलावरची माझ्याच गाडीची किल्ली उचलली. इस्त्रीचा शर्ट खिळ्याला तसाच राहिला. मी त्याच्या मागे बसलो म्हणण्यापेक्षा चढलो. चहा घेऊन आलेल्या माणसाला मी धावत्या गाडीवरून दुकानाकडे बघायला सांगितलं.

साखर कारखाना सुरू झाल्यापासून आमच्या रस्त्याला गाडी हाकणं म्हणजे तपश्चर्या आहे. एकामागे दोन दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, वर माणसाच्या दुप्पट उसाचा ढीग, आणि ट्रॅक्टरवाल्याच्या डोक्यावर भोंगा. भागवत त्यांच्या कडेच्या मातीतून गाडी घालत होता. मला देव आठवत होते. माझ्या खिशातला फोन वाजला, काकासाहेब होता.

“सुनीलभाऊ, कुठं हायेत आमचे दाजी? पाहुने येऊन बसले. पोहे गार झाले.”

“जरा एक काम निघालंय. येतोय तो.”

“काम! पुन्हा कामच का?” तो ओरडला. “माझी बहीन गेली तवा बी ह्या मानसाला कामच हुतं! त्यांना सांगा, आता म्या एक तास वाट बघनार. मंग मी बी तोंड दाखवनार न्हाई!”

मी निरोप भागवतच्या कानात ओरडून सांगितला. त्याने मान हलवली. गाडीचा वेग काही कमी झाला नाही. मला त्याचा राग आला, खरं सांगतो. एक पाइप, मलाही बसवता आला असता. रतनबाई सोन्यासारखी बाई, गुडघे धरून बसलेली, लोकांच्या हातापाया पडून तिने हे पाहुणे उभे केले होते. आणि हा माणूस गाडीच्या मागे पळत होता.

पांढरीच्या पुलावर हॉटेलांपुढे गाड्यांची गर्दी होती. त्यात करणची गाडी नव्हती. म्हणजे ती पुढे इमामपूर घाटात गेली होती. भागवतने गाडी तशीच पुढे दामटली. पण मी मागे त्याच्या खांद्यांना धरून बसलो होतो, आणि ते खांदे थरथरत होते. रस्ता तिथे चांगला गुळगुळीत आहे.

घाटाच्या पहिल्या वळणापाशी आम्हाला गाडी दिसली. तिच्यापुढे उसाच्या ट्रॉल्या मुंगीच्या पावलाने चढत होत्या, समोरून ट्रक उतरत होते, आणि करण हॉर्नवर हात ठेवून आईमाई काढत होता. त्याला पाय दाबायला जागाच मिळाली नव्हती. आयुष्यभर मी उसाच्या ट्रॉल्यांना शिव्या दिल्या, त्या दिवशी हात जोडले.

भागवतने मोटारसायकल नेऊन गाडीच्या पुढे आडवी लावली.

“मिस्त्री? तुम्ही हितं कसं काय?” करणने काच खाली केली. आत गाणी धडधडत होती.

“कडंला घे. बॉनेट उघड. इंजिन बंद करू नको.”

कठड्याशी गाडी लागली. भागवतने हात आत घातला, पाइपाच्या तोंडातला बोल्ट उपसला आणि पाइप रेग्युलेटरवर दाबून बसवला. इंजिनाचा आवाज किंचित बदलला, कुणीतरी सुस्कारा टाकावा तसा खाली आला. त्याने पाइप ओढून पाहिला. पुन्हा ओढून पाहिला. तिसऱ्यांदा ओढायला गेला तेव्हा मी त्याचा हात धरला.

“एवढंच होय?” करण हसत म्हणाला. “एवढ्यासाठी पळत आलात? फोन करायचा.”

“केला हुता.”

करणने फोन बघितला आणि जीभ चावली. “नसता लावला तर काय झालं असतं?”

“इंजिन गेलं असतं,” भागवत म्हणाला. “मी चुकलो. तुझ्या वडलांना बी सांग, मिस्त्री चुकला म्हनून.”

करणचं हसू उतरलं. “जाऊ द्या हो, चालतंय,” असं काहीतरी पुटपुटत त्याने गाडी बाहेर काढली. ट्रॉल्या आता पुढच्या वळणापलीकडे गेल्या होत्या. त्याने पाय दाबला. टर्बोची शीळ घाटात चढत गेली आणि गाडी न खोकता नजरेआड झाली.

भागवत कठड्यावर बसला. मीही बसलो. घाई करायला हवी होती, तास संपत आला होता, पण त्याचा चेहरा बघून मला उठ म्हणवेना.

“पाइप काढला ते आठवतंय,” तो म्हणाला. “बोल्ट लावला ते आठवतंय. मंग आईचा फोन आला. मंग एकदम बॉनेट लावलं. मधलं काईच न्हाई, अण्णा. कोरं हाय.”

“होतं असं. माणूस आहे.”

“आजचं न्हाई म्हनत मी. ती गेल्यापसून असंच हाय. सकाळी शटर उघडतो, मंग एकदम रात झालेली आसते. मधलं काय सापडतच न्हाई. लोकांना वाटतं मला लई काम हाय.”

त्याच्या डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. गाडीतला बिघाड सांगावा तसं सांगत होता. पण इतकी वाक्यं त्याने सलग बोललेली मी कितीतरी दिवसांत ऐकली नव्हती, आणि मला, देवाशपथ, बरं वाटलं. माझ्या मनात आलं, चुकला ते चांगलंच झालं.

परत येताना गाडी मी चालवली. घोडेगावला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती आणि गॅरेजसमोर एक पांढरी जीप उभी होती. काकासाहेब बाहेर येरझाऱ्या घालत होता. तास उलटून गेल्यावर पाहुणे उठले होते, आणि परतीच्या वाटेवरच गॅरेज लागतं म्हणून काकासाहेब त्यांना इथे थांबवून भागवतला दोन शब्द ऐकवायच्या तयारीत होता. जीपमध्ये, जिचं स्थळ होतं त्या बाईचा भाऊ बसला होता, तोंड फिरवून. बाई खाली उतरून माझ्या दुकानाच्या पायरीशी उभी होती.

तिचं नाव मनकर्णा. तिशी ओलांडलेली, सोडचिठ्ठी झालेली, सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला जाणारी. अंगावर साधी साडी, मनगटावर मोठं घड्याळ. ती भागवतकडे बघत होती आणि लाजत वगैरे नव्हती.

“या दाजी, या,” काकासाहेब म्हणाला. “झालं का काम? आई तिकडं रडून रडून बसली हाय. ह्या मानसांनी कामावर खाडा करून यायचं, आन तुमी—”

“चुकलो,” भागवत म्हणाला. त्या दिवशी तो शब्द तो बराच वापरत होता. मग तो सरळ मनकर्णाकडे वळला. “गाडीत एक पाइप राहिला हुता. घाटात गेली आसती तर मानसाला धोका हुता. म्हनून गेलो. पन ते नसतं, तरी बी मी आलो आसतो का, मला ठावं न्हाई. मला काई वाटतच न्हाई आजकाल. तुमाला फसवायचं न्हाई.”

काकासाहेबाने कपाळावर हात मारला. मी पण मनात मारला. असं कुणी बोलतं का?

मनकर्णाने मनगटावरचं घड्याळ सरळ केलं. “मला बी न्हाई वाटत,” ती म्हणाली. “पयलं लई वाटायचं. मंग त्याचा काई उपेग झाला न्हाई.”

जीपमधून भावाने हॉर्न वाजवला. तिने तिकडे पाहिलंही नाही.

काकासाहेब व्यवहारी माणूस. दोघं बोलताहेत एवढं दिसल्यावर त्याचा राग निम्मा उतरला. त्याने घाईघाईने खिशातून कागदाची पुडी काढली आणि सोडून मनकर्णापुढे धरली. आत चांदीचा टाक होता, बोटाच्या पेराएवढा, त्यावर बाईचा ठसा. आमच्याकडे दुसरी बायको पहिलीचा टाक गळ्यात घालते. मेलेलीचा मान राहतो, आणि जिवंत असलेलीला तिचा त्रास होत नाही, असं म्हणतात.

“हे बघा ताई, म्या सोताच्या हातानं करून आनलाय,” तो म्हणाला. “आमची काई हरकत न्हाई, हे तुमाला कळावं म्हनून. भाऊ हाय मी तिचा.”

मनकर्णाने टाक तळहातावर घेतला आणि उजेडाकडे धरला. वाटोळं तोंड, दोन टिंबांचे डोळे, नाकाच्या जागी एक रेघ.

“ह्या अशाच हुत्या का?” तिने भागवतला विचारलं.

भागवतने वाकून पाहिलं. “न्हाई. ह्यो साचा हाय. सोनार सगळ्यांचा असाच करतो.”

“आता टाक म्हंजे काय फोटो आसतो का?” काकासाहेब म्हणाला.

“मंग कशा हुत्या?” मनकर्णाने विचारलं.

हा प्रश्न भागवतला कुणीच विचारला नव्हता. मीही नाही. आम्ही सगळे त्याला जेवलास का, झोपलास का, एवढंच विचारत आलो होतो.

“उंचीला कमी हुती,” तो हळूहळू म्हणाला. “बोलायची लई. माझ्या आईसंगं भांडायची, आन पुन्हा तिचंच डोकं दाबून द्यायची. मोठ्यानं हसायची. हसली की गालावरचा तीळ वर जायचा. हितं—”

त्याने उजव्या गालावर बोट टेकवलं. मग थांबला. बोट उचलून डाव्या गालावर नेलं. तिथेही ते टिकलं नाही. पुन्हा उजवीकडे आलं. त्याचे ओठ हलत होते, डोळे समोर कुठेतरी लागले होते, समोर उभ्या बाईच्या चेहऱ्यावर नव्हे, तिच्या जरा अलीकडे. सुकन्या समोर असताना तीळ कुठल्या बाजूला असायचा, हे तो आठवत असावा.

काकासाहेबाला माहीत होतं, भाऊच तो. त्याने तोंड उघडलं, खिशातून फोनही काढला फोटो दाखवायला. मनकर्णाने हात आडवा केला.

“थांबा,” ती म्हणाली. “त्यांचं त्यांना आठवू द्या.”

जीपमधल्या भावाने पुन्हा हॉर्न दिला. घाटातून आल्यावर भागवतने हात धुतले नव्हते. त्याच्या दोन्ही गालांवर ऑइलचे काळे ठिपके उमटले होते, आणि बोट अजून फिरत होतं. मनकर्णा पदर सावरून दुकानाच्या पायरीवर बसली.